सिकंदराचं रिकामं सिंहासन

निमकर सर जाऊन आठवडा झाला होता, आणि मंगळावरच्या वसाहतीच्या सभागृहात ते स्वतःशीच भांडत होते.

"उत्तर तळाची वीज तोडा," वीजप्रमुख थोपट्यांच्या पुढ्यातला पडदा सरांच्या आवाजात म्हणाला.

"बागेची तोडा," वैद्यकीय प्रमुख डॉ. फरीदा मुजावरांच्या पुढ्यातला पडदा त्याच आवाजात, तितक्याच शांतपणे म्हणाला.

सुनेत्रा वझे एका पडद्याकडून दुसऱ्याकडे बघत होती. ही 'मनप्रत' तिनंच बनवली होती. वसाहतप्रमुख निमकर वारस न नेमता तडकाफडकी गेले, तेव्हा त्यांच्या संभाषणांच्या नोंदी यंत्राला शिकवून तिनं त्यांच्यासारखा विचार करणारी प्रत उभी केली आणि दोन्ही विभागप्रमुखांना एकेक देऊन एक स्वतःकडे ठेवली. लोकांना आधार होईल, असं त्या शहाण्या बाईला वाटलं होतं.

बाहेर धुळीचं वादळ हटायला तयार नव्हतं. सौरपट्ट्या झाकोळून गेल्या होत्या. उरलेल्या विजेवर एकच जागा तगणार होती. एक तर साऱ्या वसाहतीला अन्न पुरवणारी भुयारातली बाग, नाहीतर बर्फ खणणारा सहा माणसांचा उत्तर तळ. तळाची वीज तोडली तर त्या सहा जणांना वादळातून गाडी हाकत यावं लागणार होतं, आणि गाडी पोचेलच असं छातीठोकपणे कुणी सांगत नव्हतं. त्या सहांत सुनेत्राचा धाकटा भाऊ शिरीष होता.

वीजघराच्या दारात दोन्ही बाजूंची माणसं लोखंडी गज घेऊन उभी होती. आपण सरांचाच हुकूम पाळतोय, अशी प्रत्येकाची खात्री होती.

"माणूस एक, मग बोलणी दोन कशी?" थोपटे कडाडले. "यंत्र बिघडलंय तुमचं, मॅडम!"

"बिघडलेलं नाही, थोपटेसाहेब. आपलं खासगी बोलणं दुसऱ्याच्या प्रतीत नको, असं तुम्ही दोघांनीही बजावलं होतंत. म्हणून तुमची प्रत फक्त तुमच्याशी झालेल्या बोलण्यावर शिकली, डॉक्टरांची त्यांच्याशी झालेल्या. सर माणसाचा कल बघून बोलायचे. तुमच्या यंत्रानं तेवढेच सर पाहिलेत."

"मग तुझ्या प्रतीला विचार," मुजावर म्हणाल्या. "दोघांत तिसरी."

सुनेत्रानं आपला पडदा उघडला. "उत्तर तळ वाचव, सुनेत्रा," सर म्हणाले. किती मायेनं म्हणाले! तिचे डोळे भरून आले, आणि त्याच क्षणी तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. हे सर नव्हते, तिचीच इच्छा सरांच्या आवाजात बोलत होती.

"सिकंदर गेला तेव्हा असंच झालं," ती हळूच म्हणाली. शाळेपासून तिला या ग्रीक राजाचं वेड होतं. "जग जिंकलं, बत्तीस वर्षांचा असताना गेला, वारस ठरवला नाही. जो तो सरदार म्हणे, राजाच्या मनात हेच होतं. चाळीस वर्षं एकमेकांचे गळे कापले त्यांनी. फक्त युमेनीस नावाच्या त्याच्या चिटणिसानं एक युक्ती केली. तंबूत राजाचं रिकामं सिंहासन मांडलं, त्यावर मुकुट ठेवला. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे सरदार त्याच्यासमोर मसलतीला बसायचे."

"म्हणजे आपल्यासारखंच की," थोपटे म्हणाले.

"नाही ना! ते सिंहासन बोलत नव्हतं. जे बोलायचं ते ज्याचं त्याला स्वतःच्या तोंडानं बोलावं लागे."

"आणि त्या चिटणिसाचं पुढं काय झालं?" मुजावरांनी विचारलं.

"त्याच्याच सैनिकांनी त्याला शत्रूच्या हवाली केलं."

बोलता बोलता तिनं तिन्ही प्रती पुसून टाकल्या. थोपटे ओरडत उठले, पण पडदे काळे झाले होते. तिनं सरांची खुर्ची ओढून मधोमध ठेवली.

"आता सांगा, थोपटेसाहेब. तुम्ही काय म्हणता?"

मघापासून तावातावानं सहा माणसं वाऱ्यावर सोडायला निघालेला हा गडी आता खाली बघू लागला. सुनेत्रा मुजावरांकडे वळली. साऱ्या वसाहतीला उपाशी ठेवा, हे स्वतःच्या जिभेनं म्हणणं त्यांनाही जमेना. खुर्चीकडे बघत तिघं तशीच बसून राहिली. बॅटऱ्यांचा काटा उतरत होता.

शेवटी सुनेत्रा उठली. "उत्तर तळाची वीज तोडा," ती म्हणाली. "पण आधी त्यांना गाडीत बसू द्या."

तिला कुणी अडवलं नाही. तिनं रेडिओ उचलला. पलीकडून शिरीषचा आवाज खरखरत आला.

"निघा तिथून. गाडी घ्या आणि निघा. वीज तोडतोय."

"या वादळात? ताई, वेड लागलंय का?" मग त्यानं विचारलं, "सर म्हणाले का तसं?"

हो म्हटलं असतं तर त्यानं मुकाट्यानं ऐकलं असतं. सरांच्या शब्दाबाहेर तो कधीच नव्हता.

"सर गेले, शिरीष," ती म्हणाली. "हे मी म्हणतेय."