मावशी, काडी आणि दातांचा डॉक्टर

"दुखतंय का तिला?"

होडीच्या तळाखाली उताणी पडून ती लाकडी हातोडीने ठोकत होती, तेव्हा पलीकडून प्रश्न आला. आधी तिला दिसले ते बूट. या आवाराच्या चिखलात कुणी घालून येणार नाही इतके चकचकीत.

"तिला नाही, विकत घेणाऱ्याला दुखतं," ती म्हणाली. "खणखणीत वाजलं तर तळ धड आहे. बद्द वाजलं, की समजायचं आत पाणी मुरलंय."

"मीही असंच करतो. दाताला." बुटांचा मालक खाली वाकला. "दातांचा डॉक्टर आहे मी. आणि तुमचं गिऱ्हाईकसुद्धा…"

जुन्या होड्या तपासून अहवाल देणं हा तिच्या बाबांचा तीस वर्षांचा धंदा. आता त्यांना ऐकू येईनासं झालं होतं, त्यामुळे हातोडी तिच्याकडे आली आणि कानही तिचेच. ती पदार्थविज्ञान शिकलेली. तिने ओलावा मोजायचं यंत्र आणलं, वह्या आखल्या. नियम मात्र बाबांचे दोनच राहिले. पाण्यातून काढलेली होडी दोन दिवस वाळल्याशिवाय यंत्र लावायचं नाही. आणि अहवाल हातात पडेपर्यंत गिऱ्हाइकासोबत चहासुद्धा प्यायचा नाही.

डॉक्टरला शिडाच्या दोन जुन्या होड्यांतून एक निवडायची होती. पहिली रुंद, जड, एकोणीस वर्षांची. आत दोन बिछाने, एक शेगडी, आणि उभं राहिलं की डोकं आपटेल असं छप्पर. बाबांनी तिला बघताक्षणी 'मावशी' म्हटलं. ती घेतली तर तो दवाखाना दुसऱ्याकडे सोपवून दोन वर्षं किनाऱ्याकिनाऱ्याने भटकणार होता. दुसरी शर्यतीची, सडपातळ, झोपायला जागाच नाही. ती 'काडी'. ती घेतली तर सहा दिवस दवाखाना आणि रविवारी शर्यत. म्हणजे तो इथेच राहणार.

दोन्ही होड्या पाण्यात चालवून बघितल्या. तपासणीसाठी ती सोबत होतीच. मावशी वाऱ्याला सावकाश उत्तर द्यायची, इतकी सावकाश की वाटेत त्याने शेगडीवर चहा केला.

"मला चालत नाही," तिने कप परत केला. "नियम आहे."

"मग अहवाल कधी देताय?" त्याने विचारलं, आणि दोन्ही कप स्वतःच संपवले.

काडी मात्र वारा लागताच एका अंगावर कलली. तोल सांभाळायला दोघांनाही काठावर बसून मागे रेलावं लागलं, खांद्याला खांदा लावून. पाण्याचे सपकारे तोंडावर येत होते. तो हसत होता. आयुष्यात पहिल्यांदा ती वेगाची नोंद करायला विसरली.

दुपारी काडी पाण्याबाहेर निघाली. मावशी आधीच नियमाप्रमाणे वाळवून तपासून झाली होती.

"आज संध्याकाळी मोकळा आहे मी," तो सहज म्हणाल्यासारखं म्हणाला. "अहवाल असता… तर कॉफी घेता आली असती."

तळ फडक्याने पुसून तिने लगेच यंत्र लावलं. काटा तांबड्या पट्ट्यात गेला. दोन दिवसांचा नियम तिला आठवला नाही असं नाही. फडक्याने पुसलंय की, असं तिने स्वतःला समजावलं. 'काडी: तळात ओलावा मुरलेला. मावशी: तळ निर्दोष.' खाली सही.

संध्याकाळी कॉफीच्या टेबलावर त्याने अहवाल दोनदा वाचला आणि नीट घडी घातली.

"म्हणजे मावशीच घ्यावी म्हणता?"

नको, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"आकडे तसं म्हणतात," ती म्हणाली.

त्यानंतर तो हवापाण्याबद्दल बोलत राहिला.

तिसऱ्या दिवशी काडीजवळून जाताना तिने सहज यंत्र लावलं. काटा हिरव्यात होता. तिने दहा ठिकाणी मोजलं. सगळीकडे हिरवा. काडी ठणठणीत होती. ओला होता तो फक्त तिचा उतावीळपणा.

तेव्हाच धावत जायला हवं होतं. पण हे उत्तर तिला फारच हवंहवंसं होतं, आणि हव्याहव्याशा उत्तरावर विश्वास ठेवायचा नाही हे ती प्रयोगशाळेत शिकली होती. म्हणून तिने चौथ्या दिवशी पुन्हा मोजलं. पाचव्या दिवशीही. सहाव्या दिवशी वही घेऊन ती दवाखान्यात पोचली.

दाताच्या खुर्चीवर चादर घातली होती. कपाटं रिकामी. खोक्यांवर नव्या डॉक्टरीणबाईंचं नाव लिहून झालं होतं.

तिने वही उघडून सगळं सांगितलं, नियम मोडल्याचंही. त्याने प्रत्येक आकडा वाचला.

"मला काडीच हवी होती," तो शेवटी म्हणाला. "तुझ्या बाबांना सोडून तू कुठे जाणार नाहीस, हे कळत होतं मला. म्हणून मी राहणार होतो. मग तू लिहिलंस, ती नको. मला वाटलं… मीच नको."

तो पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. तेही असं.

"तुम्ही विचारलं का नाहीत?"

"विचारलं ना. तू म्हणालीस, आकडे तसं म्हणतात." तो खोक्याच्या चिकटपट्टीवर नख फिरवत राहिला. "मावशी घेतली मी. या बाई घर सोडून, मुलांना घेऊन आल्यात. परवा त्या इथे बसतील. त्यांना काय सांगू?"

तिने वही मिटली. दुसरा बिछाना रिकामाच आहे, असं तो पुटपुटला, आणि वर बघायच्या आधीच मान हलवून स्वतःच नाही म्हणाला.

मावशी निघाली त्या सकाळी बाबाही धक्क्यावर आले होते. दोर सोडण्याआधी त्याने तिला हाक मारली.

"जाता जाता एकदा ठोकून बघ. माझ्या समाधानासाठी."

ती धक्क्यावर गुडघे टेकून बसली आणि पाण्याच्या वर दिसणाऱ्या अंगावर टोकापासून टोकापर्यंत ठोकत गेली. एखादी तरी जागा बद्द वाजावी. एखादी बारीकशी चीर, दुरुस्तीसाठी आठवडाभर थांबावं लागेल एवढीच… पण एकोणीस वर्षांच्या मावशीत कुठेच काही खोट नव्हती.

त्याने दोर सोडला. रुंद होडी तिच्या नेहमीच्या सावकाश चालीने निघाली, आणि तिला दिसेनाशी व्हायला फार वेळ लागला.

"कसा होता आवाज?" बाबांनी विचारलं.

ऐकू जावं म्हणून तिला मोठ्याने सांगावं लागलं.

"खणखणीत, बाबा. खणखणीत."