एक जूनची पिढी

कालमापन प्रयोगशाळेच्या पांढऱ्याशुभ्र खोलीत आपलीच दाढ काचेच्या डबीत पडलेली बघून सोपानरावांना एवढंच वाटलं की, तोंडात होती तेव्हा ही बरीच मोठी होती. शेजारच्या डबीत उज्ज्वलाबाईंची दाढ होती. चाळीस वर्षांहून जास्त संसार केलेल्या माणसांच्या दाढा अशा शेजारी शेजारी मांडून ठेवलेल्या त्यांनी कधी पाहिल्या नव्हत्या. हसावं की काय करावं, ते त्यांना कळेना.

तसं त्यांना गेलं वर्षभर काहीच कळत नव्हतं. थकलेल्या हृदयाच्या पेशी नव्या करणारं 'संजीवक' निघालं, एका टोचणीत पंधरा-वीस वर्षं वाढायला लागली, इथवर ठीक होतं. सोपानरावांनी जन्मभर विहिरींच्या मोटारी दुरुस्त केलेल्या, त्यामुळे जुना पंप नवा होतो हे त्यांना पटायला वेळ लागला नाही. पण औषध सगळ्यांना पुरेना, म्हणून जागतिक मंडळाने ते पिढीवार द्यायचं ठरवलं. आणि पिढ्या कुठल्या? तर पाश्चात्त्यांकडच्या. सगळ्यात म्हातारे ते बूमर, मग एक्स, मग मिलेनियल. उरलेसुरले बूमर टोचून झाले होते. आता एक्सची पाळी होती.

१९८०पर्यंत जन्मलेले ते एक्स, १९८१पासूनचे मिलेनियल. सोपानरावांच्या कागदांवर १ जून १९८१, उज्ज्वलाबाईंच्या १ जून १९८०. बायको नवऱ्यापेक्षा वर्षाने मोठी! यावरून उभ्या संसारात चेष्टा झाली होती. भांडण निघालं की उज्ज्वलाबाई म्हणायच्या, "मोठ्या माणसाचं ऐकावं." आता त्याच एका वर्षाने दोघांच्या मध्ये भिंत घातली होती. हृदयं दोघांचीही थकलेली, पण उज्ज्वलाबाईंना टोचणीची पुढच्या महिन्यातली तारीख मिळाली होती आणि सोपानराव मिलेनियलांच्या सोडतीच्या ढिगात होते. सोडत लागेपर्यंत तुमचं हृदय तग धरेल असं वाटत नाही, असं डॉक्टरांनी तोंडावरच सांगितलं होतं.

"पण मी कसला मिलेनियल?" ते मंडळाच्या प्रतिनिधी डॉ. बोरवणकरांना म्हणाले. "मला दोन हजार साल उजाडलं तेव्हा मिशा होत्या."

"पिढीचं नाव तसंच पडलंय हो," डॉ. बोरवणकर म्हणाल्या. बाई कडक होत्या, पण समजावून सांगायच्या. "खरी अडचण नावाची नाही, आकाराची आहे. मंडळाने प्रत्येक देशाचा एक वाटा ठरवला, आणि तो दर पिढीला तेवढाच. इटलीत एक्स पिढी मोठी आणि मिलेनियल त्यांच्याहून कमी. तिथे मिलेनियलांना औषध पुरून उरेल. आपल्याकडे उलट. आपले एक्स वाट्यात जेमतेम बसतात, आणि मिलेनियल म्हणजे जत्रा. म्हणून सोडत."

"म्हणजे मी इटलीत जन्मलो असतो तर जगलो असतो?"

"आकड्यांच्या हिशेबाने, हो."

"आणि भाकरी कोण देणार होतं मला तिथं?" सोपानराव पुटपुटले.

त्यांची मुलगी अन्विता पडद्यावरच्या आलेखाकडे वळली. ती याच प्रयोगशाळेत होती आणि दाढांची कल्पना तिचीच होती. "मॅडम, १ जून ही आमच्याकडे जन्मतारीख नसते, शाळेत घातल्याची तारीख असते. मूल गुरुजींसमोर उभं करायचं. डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान पकडता आला, की ते सहा वर्षांचं. त्यावरून साल मागे मोजायचं आणि १ जून लिहायचं. बाबांचे हात आखूड. दोन वर्षं गुरुजींनी त्यांना परत पाठवलं."

"रडत जायचो घरी," सोपानराव म्हणाले. "कान दिसायचा तर न्हाईच, पण सापडायचाही न्हाई."

"आणि दात खोटं का बोलत नाही?" डॉ. बोरवणकरांनी विचारलं.

"विसाव्या शतकाच्या मध्यावर अणुबॉम्बच्या चाचण्यांनी हवेतला जड कार्बन जवळजवळ दुप्पट झाला. चाचण्या थांबल्यावर तो दर वर्षी थोडा थोडा उतरत गेला. दाताचं कवच लहानपणी एकदाच घडतं, पुन्हा बदलत नाही. त्या वर्षीची हवा त्यात कोंडली जाते. ती मोजली की जन्मसाल कळतं." अन्विताने बोट ठेवलं. "बाबांचं १९७९."

सोपानराव ताडकन उभे राहिले. "एकोणऐंशी! म्हणजे मी एक्स! आणि तुझ्यापेक्षा मोठा!" ते उज्ज्वलाबाईंकडे वळले. "ऐकलंस का? आता मोठ्या माणसाचं ऐकायचं!"

उज्ज्वलाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. आता दोघांनाही टोचणी मिळणार होती.

डॉ. बोरवणकर मात्र आलेखावरून नजर काढत नव्हत्या. "एका माणसासाठी हा पुरावा चालवला तर एक जूनच्या सगळ्यांसाठी चालवावा लागेल. सगळे आखूड हातवाले एक्समध्ये आले तर वाटा अपुरा पडेल. मग एक्सनाही सोडत."

"मी एक जूनवाल्यांचा नमुना तपासलाय," अन्विता घाईने म्हणाली. "वाटा अपुरा पडत नाही. एकूण आकडा तिथल्या तिथेच राहतो."

"तो कसा?"

"जेवढे वर एक्समध्ये जातात तेवढेच..." अन्विता बोलता बोलता थांबली. नमुन्यातली माणसं तिला आजवर नुसते ठिपके वाटली होती. "तेवढेच खाली येतात. लांब हातांची मुलं."

सोपानराव एकदा मुलीकडे आणि एकदा डॉक्टरबाईंकडे बघत राहिले. आकडा बदलत नाही ही चांगली गोष्ट आहे की वाईट, याचा त्यांना उलगडा होईना.

"आकडा बदलत नसेल तर मंडळाची हरकत नाही," डॉ. बोरवणकर हळूच म्हणाल्या. "पण चाचणी मग एक जूनच्या प्रत्येकाला सक्तीची. दुसरी दाढ कुणाची आहे?"

"माझी," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. त्यांनी आपले लांबसडक हात मांडीवर ठेवले होते. "आईला शेतावर जायचं असायचं, मला सांभाळायला घरात कोण नव्हतं. चौथ्या वर्षीच कान धरला मी. गुरुजी म्हणाले, घ्या हिला."

अन्विताने कळ दाबली. आकडा उमटला, १९८२.

"बघा," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. त्या हसत होत्या. "मी तुमच्याहून तीन वर्षांनी लहान निघाले. उगाच म्हातारी म्हणत होतात."

सोपानराव मटकन खुर्चीत बसले. त्यांच्या डोक्यात आकडे पाण्यातल्या गाळासारखे फिरत होते. मी वर, ही खाली. हिची तारीख मला, माझी सोडत हिला. भिंत होती तिथेच राहिली, फक्त माणसं इकडची तिकडे झाली होती. आणि हे घडवून आणलं कुणी? आपणच. कल्पना मुलीची, पण कोण मोठं ते एकदाचं कळू दे, दोघांच्याही दाढा काढा म्हणून हट्ट धरला होता तो आपणच.

ते परत उठले. मुलीसमोर, लहानपणी गुरुजींसमोर राहत तसे, ताठ उभे राहिले. उजवा हात उचलून त्यांनी डोक्यावरून पलीकडे नेला आणि कानाच्या वरच, केसांत अडकवून ठेवला.

"पोचत न्हाई गं," ते म्हणाले. "लिही. अजून सहा पूर्ण न्हाईत. घरी पाठव मला हिच्यासंगं."

"बाबा..."

"खरंच पोचत न्हाई. खांदा आखडलाय."

उज्ज्वलाबाई उठल्या. जवळ येऊन त्यांनी आपला लांब हात वर केला, नवऱ्याची आखडून धरलेली बोटं केसांतून सोडवली आणि हळूहळू खाली आणत त्यांच्या कानावर टेकवली. तिथे त्या ती धरून राहिल्या.

"पोचतोय की," त्या म्हणाल्या. "सोंगं करू नका. अन्विता, लिही गं. पोचला."