गुरुवारचे उंदीर

ज्या वर्षी तिच्या धाकट्या बहिणीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. घरच्यांनी तिच्या लग्नाचा विषय सोडून दिला होता आणि ती उंदरांत रमली होती. ताण आला की मेंदू आठवणी कशा हरवतो, हा तिचा अभ्यास. प्रत्येक उंदराला ती स्वतः हातात घ्यायची, शेपटीतून रक्ताचा थेंब काढून ताण मोजायची, मग भुलभुलैयात सोडायची.

एका गुरुवारी प्रयोगशाळेच्या दारात फ्रीजर दुरुस्त करणारा मिस्त्री तिच्यावर धडकलाच. तिच्या हातातली नोंदींची वही खाली पडली.

"माफ करा हं. इथे डॉक्टर कुठे भेटतील?"

"समोर उभ्या आहेत."

"अरे वा... मग माझंही काहीतरी बिघडलंय आत्ताच, तेवढं बघा की!"

ती हसली नाही. संध्याकाळी घरी जाऊन हसली.

म्हातारा फ्रीजर बरा व्हायचं नाव घेईना, म्हणून मिस्त्री दर गुरुवारी येऊ लागला. आला की काचसामान धुणाऱ्या चिमणीशी कुजबुजत बसायचा. चिमणी खिदळायची. ते हसू थेट उंदरांच्या खोलीत यायचं आणि ती हातातला उंदीर आवळून धरायची. एवढं काय मेलं हसण्यासारखं आहे त्या फ्रीजरमध्ये?

पुढे आकडेच बिघडले. गुरुवार आला की उंदरांचा ताण चढलेला, शिकलेली वाट विसरलेली. महिनाअखेर अहवाल द्यायचा होता. तीन वर्षांचं काम पाण्यात जाणार होतं.

तिने मिस्त्रीला गाठलं. "तुमच्या ठोकाठोकीने माझे उंदीर घाबरतात. पुढच्या वेळी दुसरा माणूस पाठवा."

त्याचा चेहरा उतरला. "वही दाखवा बघू."

"तुम्हाला काय कळणार त्यातलं?"

"तारखा आणि आकडे तर कळतात." त्याचं बोट एका ओळीवर थांबलं. "ह्या गुरुवारी तर मी सकाळभर हातोडा चालवला. तरी उंदीर शांत!"

"त्या दिवशी... चिमणी रजेवर होती—" ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

उंदरांचं आवाजाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना धरणारे हातच गुरुवारी धुमसत होते.

मिस्त्री हळूच म्हणाला, "चिमणीचं लग्न ठरलंय, बाई. मी तिला तुमच्याबद्दल विचारत असतो. चहा कसा घेता, कशाने चिडता..."

"मग मलाच का नाही विचारलंत?"

"धीर होत नाही. तुम्ही सरळ शेपटीच धरता!"

आता मात्र ती त्याच्यासमोरच हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

अहवालात तिने सगळे गुरुवार वगळले आणि कारण खरं लिहिलं: 'हाताळणाऱ्या व्यक्तीचं मन स्थिर नव्हतं.' पुढची सगळी कारकीर्द तिने त्या एका वाक्यावर उभी केली. माणसाचा ताण हातांतून प्राण्यात कसा उतरतो, हे ती जन्मभर शोधत राहिली.

पुढच्या वर्षी त्यांनी लग्न केलं. संसार एकोणीस वर्षांचा झाला. मुलगी कॉलेजात गेली त्या वर्षी, नोव्हेंबरच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी, हृदय बंद पडून मिस्त्री वारला.