वाट सोडून गेलेल्या रेघा

फोनने सरळ जायला सांगितलं आणि मी सरळ गेले. पुलाखाली बस अडकली. आमची बस म्हणजे शाळाशाळांतून फिरणारा दातांचा दवाखाना. छतावर एसीचा भलामोठा डबा, आणि तोच पुलाला घासून गच्च बसलेला. मागे हॉर्नचा गोंगाट, शेजारी डॉक्टरीणबाई कपाळाला हात लावून.

मागच्या स्कूटरवरून एक तरुण उतरला. चाकांशी उकिडवा बसला आणि एकेका चाकातली थोडी थोडी हवा सोडत गेला. बस चार बोटं खाली बसली... आणि सुटली.

"फोनला वाटतं तुम्ही मोटार चालवताय," काळे झालेले हात पुसत तो म्हणाला. "मोठ्या गाडीला तिच्या मापाचा जीपीएस लागतो." मग जरा ओशाळून, "म्हणजे... माझं दुकानच आहे त्याचं."

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. मशीनमध्ये आधी गाडीची मापं भरावी लागतात.

"उंची?"

"पाच फूट दोन इंच."

तो खरंच लिहायला लागला. मग थांबला. त्याचे कान आधी लाल झाले, हसू नंतर आलं.

बसच्या कागदपत्रांतली उंची चालणार नव्हती, त्यात एसी धरलेला नव्हता. म्हणून तो टेप घेऊन आला. मी शिडीने छतावर चढले. टेपचं एक टोक माझ्या हातात, दुसरं खाली त्याच्या. आकडा केव्हाच वाचून झाला होता, तरी टेप कुणी सोडेना.

दुकानाचा नियम होता — मशीन आठवडाभर लावून बघा, मग घ्या. पहिलं मी परत नेलं तेव्हा नाक त्यानेच मुरडलं. म्हणे पडदा लहान आहे, उन्हात दिसायचा नाही. दुसरं वळण सांगायला उशीर करतं म्हणाला. स्वतःच्याच मालाला इतकी नावं ठेवणारा दुकानदार मी पाहिला नव्हता. हा माणूस नक्की विकतो तरी काय, असं डॉक्टरीणबाईंनी मला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मला अचानक आरसा पुसायची आठवण झाली.

दिवस मात्र सरत होते. सोमवारी आम्ही डोंगरातल्या गावांकडे निघणार होतो, आठ महिन्यांसाठी. त्याआधी कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. मी वाटेत वाक्य जुळवायचे आणि दुकानाच्या पायरीवर ते मोडायचं.

सोमवारी सकाळी तिसरं मशीन घेऊन गेले. त्याने पडदा उघडला आणि माझ्यासमोर धरला. शहरभर निळ्या रेघा... माझ्या आठवड्याच्या. मशीन चाललेला रस्ता जपून ठेवतं, हे मला ठाऊकच नव्हतं. प्रत्येक रेघ कुठल्यातरी शाळेकडे निघालेली, आणि मध्येच वाट सोडून याच्या दुकानापुढून गेलेली.

"इकडे वळू नका म्हणून सांगितलं असेल ना मशीनने?" त्याने हळूच विचारलं.

"सहा वेळा," मी म्हणाले. लपवायला आता उरलं काय होतं?

त्याने खणातून पहिलं मशीन काढलं. त्यातही तशाच रेघा. दुसऱ्या गिऱ्हाइकाला द्यायचं तर त्या पुसाव्या लागतात. त्याने एकही पुसली नव्हती.

"सगळ्यांत चांगलं हेच आहे," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. पण तेव्हाच दिलं असतं, तर तुम्ही परत कशाला आला असता?"

मला हसू फुटलं. बाहेर बाईंनी हॉर्न वाजवला — अगदी हलका, माफी मागितल्यासारखा.

मशीन काचेला लावायला तो स्वतः बसमध्ये चढला. खटका बसला तरी त्याचा हात तिथेच होता. पहिल्या मुक्कामाचं गाव मी सांगितलं, त्याने भरलं. पाच तासांचा रस्ता.

"तिथे सुट्टी कधी असते तुम्हाला?"

"रविवारी."

"माझंही दुकान रविवारी बंद असतं," तो म्हणाला, आणि खाली उतरला.

मी बस सुरू केली. रस्त्याच्या टोकापर्यंत तो आरशात दिसत राहिला... मग वळण आलं. मी स्टिअरिंगवर बोटांनी दिवस मोजले. अजून तर सोमवारची सकाळच होती.