स्पंजाला कसली भीती?

"उतर! उतर म्हणतो ना खाली!"

सरांचा आवाज हॉलभर घुमला. चढाईच्या भिंतीवर निम्म्या उंचीवर पोचलेला ढिम्म थबकला आणि काही न विचारता दोरावरून अलगद खाली आला. तो घाबरत नाही, चिडत नाही, घाईही करत नाही, म्हणून त्याचं नाव ढिम्म. सुट्टीतल्या त्या शिबिरात त्याच्यासारखा चढणारा दुसरा कुणी नव्हता.

"आकडा वाच गं," सर भिंगरीला म्हणाले.

भिंगरीचे पाय एका जागी कधी ठरायचे नाहीत. पण ती संघातली राखीव, त्यामुळे टॅबलेट घेऊन उभं राहायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं.

"एक्क्याण्णव!" तिने खणखणीत आवाजात वाचलं. "बाकी सगळे तिशीच्या आत आहेत, सर."

आकडे ताणाचे होते. भिंगरीच्या मावशीने प्रयोगशाळेत शर्टाच्या बटणाएवढी एक चकती बनवली होती. मनगटाच्या वर चिकटवली, की ती घामातलं कॉर्टिसॉल मोजायची. माणूस धास्तावला की हे रसायन अंगात वाढतं. शिबिरात सर मुलांना रांगेने चकत्या लावायचे, मग मुलं चढायची आणि आकडे संध्याकाळी मावशीकडे जायचे. ती होती नुसती चाचणी, पण सरांना त्या चकत्यांनी पार वेड लावलं होतं.

"रोज हाच प्रकार! शेवटची, सगळ्यात उंच भिंत चढणाऱ्याचा असा आकडा? रविवारी स्पर्धा आहे!"

"मला भीती नाही वाटत, सर," ढिम्म म्हणाला.

"तोंड काहीही बोलेल. घाम खोटं बोलत नाही! रविवारी तुझ्या जागी भिंगरी."

"सर, हा आणि भीती?" दादा मध्ये पडला. दादा म्हणजे भिंगरीचा मावसभाऊ, संघाचा कप्तान. "हा झोपेतसुद्धा चढेल!"

"यंत्रापेक्षा तुला जास्त कळतं का?"

संघातली तिसरी होती रेडिओ. तिच्या तोंडाला दिवसभर विश्रांती नसायची, पण आज तीही गप्प झाली. भिंगरीच्या मात्र मनातल्या मनात उकळ्या फुटत होत्या.

ढिम्मने चकती सोलून काढली. त्याचे कान लाल झाले होते. "रविवारी बाबा खास सुट्टी काढून येणार होते," तो हळूच म्हणाला. "आता त्यांना सांगायचं काय? मी घाबरतो म्हणून?"

भिंगरीच्या उकळ्या जरा निवल्या.

दुपारी ती दोर आणायला सामानाच्या खोलीत गेली. सर पाठमोरे उभे होते. चढताना हाताला लावायच्या खडूच्या भुकटीने त्यांची बोटं फुटून लाल झाली होती. त्यांनी एका ट्यूबमधून पांढरं मलम पिळलं, बोटांवर चोळलं आणि त्याच बोटांनी चकत्यांचा डबा उचलून ते बाहेर गेले.

"हातमोजे घातल्याशिवाय चकतीला हात लावायचा नाही," असं मावशीने बजावलं होतं. हातमोज्यांचं खोकं कुठे होतं? टेबलाच्या लंगड्या पायाखाली! तेही न फोडलेलं.

भिंगरीने ट्यूब उचलली. 'हायड्रोकॉर्टिसोन.' कॉर्टिसॉलशी जुळणारं ते नाव तिने दोनदा वाचलं. ढिम्म रोज सगळ्यांच्या आधी येतो, म्हणून रांगेत पहिला असतो. म्हणजे ताज्या मलमाची बोटं त्याच्याच चकतीला लागतात. पुढच्यांच्या वेळेपर्यंत सरांचे हात कोरडे होतात.

आणि तिला आणखी एक गोष्ट आठवली. ती विसरली नव्हतीच म्हणा, नुसती बाजूला सारली होती. ढिम्म दातांच्या डॉक्टरांकडे गेला होता, त्या दिवशी रांगेत पहिली ती होती. तिचा आकडा अठ्ठ्याऐंशी आला होता! काहीतरी बिघडलंय, असं म्हणून तिने तो कुणी बघायच्या आत टॅबलेटवरून पुसून टाकला होता. ढिम्मच्या वेळी मात्र यंत्र बिघडल्याचं तिला एकदाही सुचलं नव्हतं.

तिचा चेहरा तापला. ट्यूब जागेवर ठेवून, दोर उचलून ती गपचूप बाहेर आली.

"चल, सराव कर," बाहेर ढिम्म उभा होता. "दोर मी धरतो."

"तू?"

"मग कोण धरणार? दादा आणि रेडिओ पलीकडच्या भिंतीवर आहेत." त्याने तिच्या कमरेची गाठ ओढून पाहिली, आणि पुन्हा एकदा पाहिली. "हं, पक्की आहे. चढ."

भिंगरी चढू लागली. निम्म्यावर आल्यावर तिची पोटरी लटलटायला लागली.

"घाबरू नको! धरलंय मी!" खालून आवाज आला. "सुटलीस तरी पडणार नाहीस!"

ज्याची जागा आपण घेतली, त्याच्याच हातावर आपण लोंबकळतोय! तिला इतकी शरम वाटली, की वर बघवेना आणि खाली तर त्याहून बघवेना. ती तशीच खाली उतरली.

"दादाला आणि रेडिओला बोलाव," ती म्हणाली. "मला काहीतरी सापडलंय."

तिने मलमाचं सांगितलं, खोक्याचं सांगितलं. पुसलेल्या आकड्याचं मात्र तोंडातून निघेना.

"सरांना आत्ताच सांगू!" दादा उसळला.

"नुसतं सांगून ते ऐकतील? उलट आपल्यालाच झापतील!" रेडिओ म्हणाली. "त्यांना दाखवायला हवं. आणि मला माहितेय कसं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरीच्या बोलावण्यावरून मावशी आली. मुलांनी टेबलावर मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज मांडून ठेवले होते.

"हे काय?" सर नुकतेच सामानाच्या खोलीतून बोटं चोळत आले होते.

"नवीन खेळाडू, सर! एकाला चकती तुम्ही लावा, एकाला मावशी," रेडिओ साळसूदपणे म्हणाली.

सरांनी हसत हसत चकती लावली. मावशीने पर्समधले हातमोजे चढवून दुसरी लावली.

थोड्या वेळाने भिंगरीने टॅबलेट पाहिला. "मावशीचा स्पंज शून्य! सरांचा स्पंज..." तिचा आवाज अडखळला. "त्र्याण्णव."

"अरे बापरे! स्पंजाला रविवारची धास्ती बसलीय!" रेडिओ ओरडली. "याला संघातून काढायचं का, सर?"

दादाने ट्यूब आणि खोकं समोर ठेवलं. मावशीने ट्यूब वाचून कपाळावर हात मारला. "अहो, अंगात असतं तेच कॉर्टिसॉल या मलमात औषध म्हणून असतं! चकतीने तुमचं मलम मोजलं!"

सर भिंतीखालच्या गादीवर बसले. आपल्या फुटलेल्या बोटांकडे बघत राहिले. "आणि मी या पोराला सगळ्यांसमोर भित्रा ठरवलं," ते म्हणाले. मग उठून ढिम्मसमोर उभे राहिले. "चुकलो रे मी. रविवारी तूच चढायचंस. बाबांशी मी स्वतः बोलेन."

"मीही चुकले," मावशी म्हणाली. "मी इथे येऊन बघायला हवं होतं. आकडे संघ निवडायला नाहीत, हेही सांगायला हवं होतं."

मग तिने भिंगरीच्या पाठीवर थाप मारली. "आणि ही बघा! हातातली जागा सोडून मित्रासाठी धावली. शाब्बास!"

"शाब्बास! गुणाची पोर!" सरही म्हणाले.

एकेक शाब्बासकी भिंगरीला चटका देत होती. मावशीने हातमोजे घालून सगळ्यांना नव्या चकत्या लावल्या आणि सराव सुरू झाला. ढिम्म सरसर वर जाऊन आला. त्याचा आकडा आला अकरा!

"आता भिंगरीचा," दादाने टॅबलेटमध्ये डोकावलं. "चौसष्ट? ही तर अजून चढलीही नाही! हिचीच चकती बिघडली वाटतं."

"नाही," भिंगरी म्हणाली. "या वेळी बरोबर आहे."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिने ढिम्मकडे बघितलं, पण नजर टिकेना. "रांगेत पहिली उभी राहिले तेव्हा माझाही आकडा असाच आला होता. मी पुसून टाकला. तुझा मात्र मोठ्याने वाचला. मला तुझी जागा हवी होती." तिचे डोळे भरून आले. "मला शाब्बास म्हणू नका."

 

ढिम्मने हातातल्या दोराचा पीळ सोडवला. "वाईट केलंस," तो म्हणाला. "फार वाईट वाटलं मला."

"हो."

"रविवारी उंच भिंत आहे," त्याने दोराचं टोक तिच्यापुढे धरलं. "खालून दोर तू धर."

"मी? माझ्या भरवशावर चढशील?"

"सरावाला किती वेळ उरलाय? चल, धर."

भिंगरीने नाक पुसलं. त्याच्या कमरेची गाठ ओढून पाहिली, आणि पुन्हा एकदा पाहिली. मग दोन्ही हातांनी दोर घट्ट धरला आणि तो वर पोचेपर्यंत ती जागची हलली नाही.