एकही खाडा नाही

कोळशाची बादली घेऊन मी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेले होते, एवढंच. जानेवारी महिना. बर्फ खिडकीच्या निम्म्यापर्यंत आलेला. राख काढायची, शेगडी भरायची आणि निघायचं. मी त्या शाळेची शिपाईबाई. शिकले सहा इयत्ता. पण डॉक्टरकीच्या परीक्षेला बसणारी शेवटच्या वर्षाची ती बारा पोरं काय शिकतात, ते राख काढता काढता कानावर पडायचंच.

त्या दिवशी कुराशिमा सरांनी बेडकाचं डोकं उडवलं होतं. धड चिमट्याला टांगलेलं. नखाएवढा कागद तेजाबात बुडवून त्यांनी त्याच्या पाठीवर चिकटवला. धडाने मागचा पाय वर उचलला आणि कागद पुसून टाकला. सरांनी दुसरा चिकटवला. त्याने तोही पुसला.

"दुखतंय का त्याला?" मी विचारलं.

पोरं हसली. "मावशी, दुखायला डोकं लागतं," सर म्हणाले. "हे नुसतं कण्यातून होतं. सवय म्हणा. डोकं असतं तर त्याने काहीतरी युक्ती केली असती. उडी मारली असती, लपला असता."

"म्हणजे आपले हेडमास्तर," तोकिको हळूच म्हणाली. "रोज येतात, चष्मा पुसतात, जातात."

तोकिकोच्या शेजारची जागा रिकामी होती. बाकावर बाटलीत पांढरी शेवंती. ती जागा माझ्या लेकीची, हात्सुएची. पाणी बदलायचं कामही माझंच.

हात्सुए डिसेंबरात गेली. सकाळी अंगात ताप होता. "आई, आज नको ना," म्हणाली. डोक्याखाली घ्यायची रबरी पिशवी बर्फ घालून मागत होती. मी म्हटलं, बारा वर्षांत एकही खाडा नाही, आता तीन महिन्यांसाठी घालवतेस? मार्चमध्ये हजेरीचा दाखला हातात पडला की पड हवी तेवढी. पिशवी मी भरली नाही. ती शाळेत गेली, तास केले, शाळा सुटल्यावर झाडलोटही केली. मग जिन्यात पडली. चौथ्या दिवशी संपलं. मी रडले नाही. बायका म्हणाल्या, दगड आहे. असेन. आठव्या दिवशी मी कामावर होते.

आमच्याकडे शाळा पोरंच पुसतात. प्रत्येकाने घरून शिवलेलं फडकं आणायचं, त्यावर दोऱ्याने नाव घालायचं, पुसून झालं की धुऊन आपापल्या खिळ्याला टांगायचं. हात्सुएचं फडकं मी काढलं नव्हतं. ते काढलं की तिचा खाडा पडला, असं वाटायचं.

आणि ते फडकं रोज साडेतीन वाजता ओलं असायचं.

आधी मी तोकिकोला धरलं. "तिचं फडकं घेतेस का गं तू?"

"मावशी, मी माझंच धड धूत नाही, तिचं कशाला घेऊ?" मग तिने आवाज उतरवला. "पण... तिच्या बाकाखालची जमीन मला कधी पुसावी लागत नाही."

बेडूक पाहिला त्या दिवशी मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. सवय. बारा वर्षांची सवय फडकं पिळतेय, तीत हात्सुए नाही, म्हणजे तिला दुखतही नाही. मी केलं ते डिसेंबरातच संपलं. पण मला खात्री हवी होती. तेजाबाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडेच असायची.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता सगळ्या पोरांना मी अंगणातला बर्फ उपसायला पिटाळलं. तेजाबात भिजवलेला कागद हात्सुएच्या बाकावर ठेवला. दार लावलं आणि बाकाकडे पाठ करून शेगडीपाशी बसले. खोलीत औषधात मुरलेल्या जनावरांचा वास. बाहेर फावड्यांचा खरखराट. मग मागे बादलीत पाणी हललं. कोणीतरी फडकं पिळलं... दोनदा. हात्सुए दोनदा पिळायची. मी वळले नाही.

साडेतीनला उठले. कागद नव्हता. फडकं खिळ्याला, ओलं, मधोमध नाण्याएवढं भोक, कडा तपकिरी. पुसलं होतं. तसंच, बेडकासारखं.

घरी जाऊन मी दोन वाट्या भात खाल्ला. महिन्याभरात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी फडकं पुन्हा ओलं. मी सहज हातात घेतलं. भोक नव्हतं. तिथे रफू होतं, लाल दोऱ्याचं. टाके डावीकडे कललेले. हात्सुए डावखुरी. लिहिताना मी तिला मारून उजव्या हातावर आणलं, पण सुई तिने डाव्याच हातात धरली. आणि भोक पडलं तर फडकं टाकायचं नाही, रफू करायचं, हेही मीच तिला शिकवलेलं.

डोकं नसलेला बेडूक पुसतो. रफू करत नाही.

मी फडकं पुन्हा खिळ्याला टांगलं. मग त्या बाकाशी बोलले. "हात्सुए... दुखलं ना गं?" शेवंतीची एकही पाकळी हलली नाही. "उद्या येऊ नकोस. खाडा पडू दे. घरी पडून राहा."

दुसऱ्या दिवशी साडेतीनला फडकं कोरडं होतं, सुक्या माशासारखं कडक. मी ते काढून घडी करून कमरेच्या पट्ट्यात खोचलं.

चारला घरी पोचले. घरात आम्ही दोघीच असायचो, आता मी एकटी. सकाळपासून चूल पेटलेली नव्हती. मोरीतल्या बादलीवर बर्फाची साय धरलेली. आतल्या खोलीत हात्सुएची गादी घातलेली होती. ती मी डिसेंबरातच दोरीने बांधून कपाटात टाकलेली. उशीच्या जागी रबरी पिशवी, तोंडापर्यंत भरलेली.

मी गुडघ्यावर बसले आणि पिशवीवर हात ठेवला.

आतलं पाणी ऊन होतं. तापलेल्या कपाळाइतकं.