छत्तिसावा दात

चाकाला दात पस्तीसच होते. शाल्मलीने प्रत्येक दातावर बोट ठेवून ते मोजले होते. पण टेम्पोतल्या छोट्या पडद्यावर पुन्हा पुन्हा एकच आकडा येत होता, छत्तीस. आणि तो आला की इंजिन खोकल्यासारखे करून बंद पडत होते.

“आबा, हा मोजायला चुकतोय.”

“चुकत नाही गं. त्याच्यापर्यंत जे पोहोचतं, ते तो सांगतो,” टेम्पोखालून आबांचा आवाज आला. “छत्तिसावा दात आला कुठून, ते आपण शोधायचं.”

“कधी शोधायचं? नाक्या चार वाजता येणार!”

नाक्या म्हणजे गाड्यांचा धूर तपासणारा यंत्रमानव. तो आपली लांब नळी धुराड्यात खुपसायचा, म्हणून भोरमधल्या मुलांनी त्याला हे नाव ठेवले होते. एव्हाना रस्त्यावरच्या जवळजवळ सगळ्या गाड्या विजेवर चालत. जुन्या इंजिनांना एकच अट होती, धूर स्वच्छ हवा. नापास झालेली गाडी त्याच दिवशी वितळवायला जायची.

टेम्पो केतकीआजीचा होता. आजी रोपे वाढवायची आणि याच तीनचाकी टेम्पोतून घाटमाथ्यावरच्या शाळांना नेऊन द्यायची. उसाच्या मळीपासून केलेल्या अल्कोहोलवर तो चालायचा. आजी गेल्या हिवाळ्यात वारली. तेव्हापासून टेम्पो शेडमध्ये होता आणि बेहड्याची, जांभळीची रोपे अंगणात पिशव्यांमध्येच उंच होत होती. काहींची मुळे पिशव्या फाडून बाहेर आली होती.

आबा म्हणजे शाल्मलीचे आजोबा. त्यांनी आयुष्यभर उपग्रहांसाठी सर्किटे तयार केली होती. आजी गेल्यावर ते कामापुरतेच बोलत. एका सकाळी त्यांनी टेम्पोवरची ताडपत्री काढली आणि ते म्हणाले, “शालू, याला मेंदू बसवू या.”

मेंदू म्हणजे मायक्रोकंट्रोलर (एकाच चिपमध्ये मावणारा छोटा संगणक). जुन्या इंजिनात इंधन अंदाजानेच जायचे. कधी जास्त, कधी कमी. जास्त झालेले नीट जळायचे नाही आणि धुरातून तसेच बाहेर पडायचे. मेंदू असला, की इंधन किती सोडायचे आणि ठिणगी नेमकी कधी पाडायची, हे तो ठरवू शकतो. पण त्यासाठी इंजिन फिरता फिरता कुठे पोहोचले आहे, हे त्याला कळायला हवे.

“त्याला डोळे कुठे असतात?” शाल्मलीने तेव्हा विचारले होते.

आबांनी तिला दातेरी चाक दाखवले. ते क्रँकशाफ्टवर (इंजिनाच्या मुख्य फिरणाऱ्या दांड्यावर) बसवले होते. त्यावर छत्तीस दातांची जागा होती, पण एक दात मुद्दाम कापून टाकला होता. चाकाशेजारी सेन्सर (बदल टिपणारा भाग) होता. त्यात एक लोहचुंबक आणि तारेची गुंडाळी. प्रत्येक दात जवळून गेला, की गुंडाळीत विजेची बारीकशी लाट उठायची. मेंदू त्या लाटा मोजायचा. मोठा खंड पडला, की त्याला कळायचे, रिकामी जागा गेली, आता पुन्हा एकपासून.

“म्हणजे तो डोळे मिटून जिना चढतो,” शाल्मली म्हणाली होती. “पायऱ्या मोजत.”

“बरोबर. आणि मध्येच कुणी खोटी पायरी घातली तर?”

“आपटेल!”

आज तो आपटत होता. काल मात्र सगळ्या वायरी शेडभर पसरलेल्या असताना इंजिन छान चालले होते.

आबा टेम्पोखालून बाहेर आले. “ठिणगीची कॉइल काढ. आणि चाक हाताने फिरव.” इग्निशन कॉइल म्हणजे बॅटरीच्या विजेतून ठिणगीसाठी हजारो व्होल्ट तयार करणारी गुंडाळी.

शाल्मलीने कॉइल सोडवली आणि दोन्ही हातांनी चाक गरागरा फिरवले. पडद्यावर पस्तीस आले.

“आता कॉइल परत जोड.”

तिने कॉइल जोडून पुन्हा चाक फिरवले. छत्तीस!

“एका फेरीत ठिणगी किती वेळा पडते?”

“एकदा,” शाल्मली म्हणाली, आणि थांबली. “आबा, छत्तिसावा दात म्हणजे ठिणगी आहे?”

“ठिणगीचा धक्का. ठिणगी पाडायची म्हणजे कॉइलमधला प्रवाह एकदम तोडायचा. तेव्हा तिच्या वायरीत मोठा झटका बसतो. शेजारी दुसरी वायर असली तर तिच्यातही थोडी वीज उठते. मेंदूला वाटतं, आणखी एक दात गेला.”

“पण कालही कॉइल होतीच की.”

“मग काल आणि आज यात काय बदललं?”

शाल्मलीचा चेहरा पडला. “मी वायरी नीट लावल्या. नाक्याला पसारा दिसू नये म्हणून.”

आबांनी विजेरी धरून सीटखाली वाकून पाहिले. तिथे लाल, निळ्या आणि पिवळ्या वायरींची घट्ट, एकसारखी वेणी घातलेली होती. टोकाला छोटी गाठ. पांढरी वायर एकटीच बाजूने सरळ गेली होती.

आबांनी त्या गाठीवरून हळूच बोट फिरवले.

“आजी घालायची तशी घातली,” शाल्मली म्हणाली. “वायरी चार होत्या, पण वेणीला तीनच पेड लागतात. म्हणून पांढरी उरली.”

“छान घातलीयस.” आबांनी चष्मा पुसला. “पण सोडावी लागेल. बघ, लाल कॉइलची. निळी इंधन सोडणाऱ्या झडपेची. पिवळी आणि पांढरी दोन्ही सेन्सरच्या. मेंदू एकट्या पिवळीकडे बघत नाही. पिवळी आणि पांढरी यांच्यातला फरक बघतो. तू पिवळी लालच्या मिठीत दिलीस आणि पांढरी लांब ठेवलीस.”

“म्हणजे धक्का एकट्या पिवळीला बसतो. मग फरक दिसणारच!”

“आणि दोघींना सारखाच बसला तर?”

शाल्मलीने विचार केला. “सारख्यातून सारखं गेलं, तर शून्य. त्याला कळणारच नाही.”

“मग सारखा कसा बसेल?”

तिने वेणी सोडली. पिवळी आणि पांढरी हातात घेऊन शेजारी शेजारी धरल्या. “अशा सरळ ठेवल्या, तर एक लालला जवळ राहील, एक लांब.” मग तिने त्या एकमेकींभोवती पिळायला घेतल्या. “अशा गुंडाळल्या, की कधी ही जवळ, कधी ती. शेवटी दोघींच्या वाट्याला सारखंच.”

“उपग्रहातही आम्ही असंच करायचो,” आबा म्हणाले. “वेणीची कल्पना चुकली नव्हती तुझी. पेड चुकले होते. जोडीतली वायर जोडीतच ठेवायची.”

पिळलेली जोडी त्यांनी डाव्या बाजूने नेली, लाल आणि निळी उजव्या बाजूने. शाल्मलीने बटण दाबले. इंजिन एका दमात सुरू झाले. पडद्यावर पस्तीस आले आणि पस्तीसच राहिले.

तेवढ्यात फाटकापाशी करकर झाली.

“नमस्कार. आपल्या वाहनाचा उच्छ्वास तपासण्यासाठी आलो आहे,” नाक्या म्हणाला.

“वास घेऊन कळतं का तुला?” शाल्मलीने विचारले.

“मला वास येत नाही. मी मोजतो.”

“मोजणाऱ्याचं काही खरं नाही,” ती पुटपुटली. आबा हसले. आजी गेल्यापासून त्यांचे हसणे शाल्मलीने ऐकले नव्हते.

नाक्याने नळी धुराड्याला लावली. इंजिन हळू चालवायला लावले, मग जोरात, मग पुन्हा हळू. शाल्मलीने आबांचा हात घट्ट धरून ठेवला होता. शेवटी नाक्याने नळी गुंडाळली.

“उत्तीर्ण. या इंजिनाचा मेंदू कोणत्या कारखान्यातला?”

“घरचा आहे,” आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रोपे टेम्पोत चढवली. शाल्मली आबांपुढे पाठ करून बसली आणि कंगवा मागे दिला. आजी गेल्यापासून ती केस नुसते रबराने बांधत होती.

“मला येत नाही गं.”

“तीन पेड. मी सांगते तसं करा.”

वेणी वाकडी झाली, पण सुटली नाही.

घाट लागला तशी शाल्मलीने पडद्याकडे मान वळवली. “आबा, वर हवा विरळ असते ना? मग तिथे इंधनही कमी लागेल. ते मेंदूला कसं कळणार?”

“हवेचा दाब ओळखणारा सेन्सर लावावा लागेल.”

“त्याच्या वायरी मी पिळीन,” शाल्मली म्हणाली. टेम्पोने पहिले वळण घेतले. मागे बेहड्याची पाने हलत होती.